जुनेपणाची नावे : ॲक्रिलिकच्या वस्तू आणि संग्राहकांची भाषा

जुन्या वस्तूंच्या वयाचा पुरावा बहुधा त्या वस्तूच देतात. पितळी समईच्या दांड्याला हाताळणीने आलेला गुळगुळीतपणा, सागवानी पेटीच्या कडांवर साठलेला काळपट रंग, ब्राँझच्या मूर्तीवर चढलेले हिरवट पुट या खुणा म्हणजे वस्तूने स्वतःच्या आयुष्याविषयी दिलेली जबानीच होय. जाणकार ती वाचतो, क्वचित फसतोही. पण वाचण्यासारखे काहीतरी त्याच्यापुढे असते. ॲक्रिलिकच्या वस्तूला अशी जबानी देता येत नाही. १९५५ साली ओतलेला पारदर्शक ठोकळा आणि गेल्या वर्षी ओतलेला ठोकळा, दोन्ही नीट जपलेले असतील तर, शेजारी ठेवले असता नुसत्या डोळ्यांना त्यांतला ज्येष्ठ कोण हे सांगता येणे कठीण.

असे असूनही विसाव्या शतकाच्या मध्यातील ॲक्रिलिकची शिल्पे, मेणबत्तीदाने, दिवे, तबके, पुस्तकांना टेकू देणारे ठोकळे आणि बैठकीच्या खोलीतील इतर शोभेच्या वस्तू गोळा करण्याचा छंद अमेरिकेत आणि युरोपात चांगलाच फोफावला आहे. त्याची बाजारपेठ आहे, लिलाव आहेत, अभ्यासू आणि हौशी असे दोन्ही प्रकारचे संग्राहक आहेत. वस्तू मुकी असल्यामुळे तिचे वय, तिचा कर्ता आणि तिचे मोल सिद्ध करण्याचा सारा भार भाषेवर पडतो. म्हणून या छंदाचे परीक्षण हे प्रथम त्याच्या शब्दांचे परीक्षण असावे लागते. ते न झाल्यामुळे काय हानी होते, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

प्रारंभी 'जुना' याच शब्दाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. मराठीतील 'जुना' हे रूप प्राकृतातील 'जुण्ण' या रूपावरून आलेले असून त्याचे मूळ संस्कृतातील 'जॄ' या धातूपर्यंत पोचते. 'जीर्ण' आणि 'जरा' हे शब्दही त्याच धातूचे. म्हणजे मराठी भाषकाच्या मनात जुनेपणाची कल्पना मुळातच झिजण्याशी बांधलेली आहे. जे झिजले ते जुने. 'जुनाट' या रूपात तर तिरस्काराचीही छटा येऊन मिसळते. संग्राहकांचा लाडका 'व्हिंटेज' हा इंग्रजी शब्द निराळ्या वाटेने आलेला आहे. लॅटिनमधील द्राक्षांच्या तोडणीच्या वाचक शब्दातून तो निघाला, पुढे विशिष्ट वर्षीच्या मद्याला लागला आणि तेथून मोटारींना, कपड्यांना व फर्निचरला चिकटला. त्यात झीज अभिप्रेत नाही. अभिप्रेत आहे ते पीकवर्ष. वस्तू कशी दिसते याच्याशी त्याला कर्तव्य नसून ती कोणत्या हंगामातली आहे एवढेच तो सांगतो. ॲक्रिलिक हा पदार्थ 'व्हिंटेज' होऊ शकतो, पण धात्वर्थाने पाहता 'जुना' होऊ शकत नाही. किंबहुना तो 'जुना' दिसू लागला की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत उतरते.

मात्र मद्याच्या बाटलीवर वर्ष छापलेले असते आणि त्या वर्षाची नोंद द्राक्षमळ्याच्या दफ्तरात सापडते. ॲक्रिलिकच्या मेणबत्तीदानावर वर्ष नसते. शब्द आला, पण त्या शब्दामागे उभी असलेली नोंदवही आली नाही.

'मिड-सेंच्युरी मॉडर्न' ही दुसरी संज्ञा याहून मनोरंजक आहे. कारा ग्रीनबर्ग या लेखिकेने १९५० च्या दशकातील फर्निचरवर लिहिलेले याच नावाचे पुस्तक १९८४ साली प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून ही संज्ञा रूढ झाली. ज्यांनी या वस्तू घडविल्या त्यांना आपण 'मध्यशतकीन' आहोत हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ज्ञानेश्वरांना तरी आपण मध्ययुगीन आहोत हे कोठे ठाऊक होते? मागाहून दिलेल्या नावांत दोष नाही, त्यांवाचून इतिहास लिहिता येत नाही. दोष शिरतो तो कालवाचक नाव शैलीवाचक होऊ लागले म्हणजे. मूळ पुस्तकाचा विषय एका दशकाचा होता. बाजारात ही संज्ञा १९४५ पासून १९७० पर्यंत ताणली गेली आणि आता तर १९८० च्या दशकातील जाड, तिरक्या छेदांची ॲक्रिलिक शिल्पेही तिच्याच छत्राखाली विकली जातात. शतकाचा 'मध्य' एवढा रुंद झाला की दोन्ही काठांना फारशी जागा उरली नाही.

तिसरा शब्द 'ल्यूसाइट'. या छंदाचा हा बीजमंत्रच म्हणावा लागेल. म्हणून त्याचा विचार थोडा विस्ताराने केला पाहिजे. पॉलिमेथिल मेथाक्रिलेट हा पदार्थ १९३० च्या दशकात जवळजवळ एकाच वेळी तीन देशांत बाजारात आला आणि तीन ठिकाणी त्याची तीन बारशी झाली. जर्मनीत रोम आणि हास या कंपनीने १९३३ साली 'प्लेक्सिग्लास' हे नाव नोंदविले. इंग्लंडात इंपिरियल केमिकल इंडस्ट्रीजने १९३४ साली 'पर्स्पेक्स' हे नाव घेतले. अमेरिकेत ड्यूपाँटने १९३७ साली 'ल्यूसाइट' आणले. नावे ठेवणाऱ्यांचे लॅटिन चांगले होते. 'पर्स्पेक्स' हे आरपार पाहणे या अर्थाच्या क्रियापदाच्या भूतकाळी रूपावरून बेतलेले; 'ल्यूसाइट'मध्ये प्रकाशवाचक 'लुक्स' हा शब्द आहे. याउलट 'ॲक्रिलिक' हे रसायनशास्त्राचे नाव 'ॲक्रोलीन' या उग्र वासाच्या द्रव्यावरून आले असून त्याच्या मुळाशी तीक्ष्ण या अर्थाचे लॅटिन विशेषण आहे. एकच पदार्थ, व्यापाऱ्याने त्याला डोळ्याने पाहिले, रसायनशास्त्रज्ञाने नाकाने.

दुसऱ्या महायुद्धात या पदार्थाचा मोठा खप विमानांच्या पारदर्शक छतांसाठी व बाँबफेकी विमानांच्या नाकाडांसाठी झाला. युद्ध संपले तेव्हा उत्पादनाची क्षमता वाढलेली होती आणि लष्करी मागणी ओसरली होती. घरगुती वस्तूंकडे हा पदार्थ वळला त्यामागे हे कारण मोठे होते. १९५० च्या दशकात अमेरिकेत स्त्रियांच्या कडक, पेटीसारख्या हातपिशव्या त्याच्या होऊ लागल्या. न्यूयॉर्कच्या एर्विन आणि एस्टेल लाव्हर्न या दांपत्याने १९५७ च्या सुमारास 'इन्व्हिजिबल ग्रुप' या नावाने पारदर्शक खुर्च्या केल्या आणि त्यांतल्या अनेकींना लिली, डॅफोडिल अशी फुलांची नावे दिली. इटलीत ग्वित्सिनी कंपनीने तर १९३८ सालीच जेवणाच्या टेबलावरील वस्तूंसाठी ॲक्रिलिक वापरण्यास सुरुवात केली होती. लॉस एंजेलिसच्या रिट्स कंपनीची 'ॲस्ट्रोलाइट' नावाची फर्निचरची व शोभेच्या वस्तूंची मालिका १९६० नंतरची. पुढे छायाचित्रकार म्हणून प्रसिद्धीस आलेला हर्ब रिट्स (१९५२–२००२) याच घरातला. उमेदवारीच्या काळात तो घरच्या धंद्यात विक्रीचे काम करीत असे.

आता संग्राहकांच्या बोलण्यात 'ल्यूसाइट' आणि 'ॲक्रिलिक' हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय म्हणून येत नाहीत. ते प्रतवारी म्हणून येतात. 'ल्यूसाइट' म्हणजे जुने, जड, अस्सल. 'ॲक्रिलिक' म्हणजे नवे, हलके, दुकानात मिळणारे. रासायनिक दृष्ट्या या भेदाला आधार नाही. व्यापारचिन्ह जातिवाचक नाम होणे ही भाषेत नित्याची घटना आहे. वनस्पती तुपाला मराठी घरांत सर्रास 'डालडा' म्हटले गेले, मग डबा कोणत्याही कंपनीचा असो. परंतु येथे घडले ते त्याच्या पुढचे आहे. विशेषनाम आधी सामान्यनाम झाले आणि मग ते गुणवाचक विशेषण झाले. शब्द पदार्थ सांगत नाही, दर्जा सांगतो. आणि दर्जाच्या आडून काळ सांगतो.

या समजुतीला अगदीच आधार नाही असे मात्र नाही, आणि तो नोंदविणे न्यायाचे होईल. ॲक्रिलिकचे तक्ते दोन रीतींनी होतात. एका रीतीत द्रव पदार्थ साच्यात ओतून सावकाश घट्ट होऊ देतात. दुसऱ्या रीतीत वितळलेला पदार्थ यंत्राच्या फटीतून दाबून बाहेर काढतात. ओतलेल्या ॲक्रिलिकचे रेणू अधिक लांब असतात, ते चांगले तासले जाते, आणि स्पिरिटसारख्या द्रवांनी त्यावर तडे पडण्याचा धोका तुलनेने कमी असतो. हाती घेतलेल्या दोन वस्तूंत जाणकाराला जो फरक जाणवतो तो बहुधा हा असतो. अनुभव खरा आहे. त्याला दिलेले नाव मात्र चुकीचे आहे, कारण ओतीव ॲक्रिलिक सर्वच कंपन्यांनी केले आणि आजही होते. खऱ्या निरीक्षणाला चुकीची संज्ञा मिळाली की ते निरीक्षण पुढच्या माणसाच्या उपयोगाचे राहत नाही. तो वस्तू हातात घेऊन पाहायचे सोडून नाव विचारू लागतो.

संग्राहकांनी या पदार्थाच्या कलाइतिहासाकडे पुरेसे लक्ष दिले असते तर नावांचा हा मोह काहीसा आवरला असता. ॲक्रिलिकला शिल्पाचे माध्यम म्हणून प्रतिष्ठा शोभेच्या वस्तूंच्या आधीच लाभली होती. १९३९ साली रोम आणि हास कंपनीने प्लेक्सिग्लासमधील शिल्पांची स्पर्धा घेतली, तीत अलेक्झांडर कॉल्डरला पहिले पारितोषिक मिळाले. शिकागोत मोहोली-नॉज याने तापवून वाकवलेल्या पारदर्शक तक्त्यांवर रेषा कोरून, रंग देऊन १९४६ साली मृत्यू येईपर्यंत प्रयोग केले. त्यांत शिल्पाइतकीच त्याची भिंतीवर पडलेली सावलीही रचनेचा भाग होती. आणि कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर युद्धकाळात राहत असताना नाउम गाबोने १९४२–४३ मध्ये पर्स्पेक्सच्या चौकटीवर नायलॉनचा तंतू ताणून आपली 'लिनियर कन्स्ट्रक्शन' ही रचना सिद्ध केली. या तिघांनीही पदार्थाचा एक गुण ओळखला होता. तक्त्यात शिरलेला प्रकाश आतल्या आत परावर्तित होत पुढे जातो आणि कडेला, किंवा जेथे ओरखडा असेल तेथे, बाहेर पडतो. कड उजळते, पृष्ठ नाहीसे होते. या पदार्थात रेषा काढायची तर ती ओरखड्यानेच काढावी लागते.

गाबोचे उदाहरण आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. ॲक्रिलिक हाती येण्यापूर्वी, १९२० च्या दशकात, त्याने सेल्युलॉइड आणि सेल्युलोज ॲसिटेट यांच्या पातळ पत्र्यांतून रचना केल्या होत्या. हे पदार्थ कालांतराने आम्ल सोडतात, वाकतात, तडकतात. त्याच्या अशा काही कृती संग्रहालयांत असतानाच विद्रूप झाल्या. 'कॉलम' ही १९२० च्या दशकातील रचना त्याने १९३७ साली पर्स्पेक्स वापरून नव्याने उभी केली. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात ती आहे आणि तिच्या नोंदीत दोन सने दिलेली आहेत : कल्पनेचे एक, पुनर्रचनेचे दुसरे. वस्तू एक, वये दोन. ही नोंद वाचणाऱ्याला फार काही शिकविते. पारदर्शक पदार्थाच्या वस्तूविषयी प्रामाणिक विधान करायचे तर ते असेच, तुकड्यातुकड्यांनी आणि प्रत्येक तुकड्याचा आधार सांगून करावे लागते.

बाजारातील वर्णनांत हा विवेक आढळत नाही. तेथे विशेषणांची झीज होत असते. लिलावगृहांच्या परिभाषेत कर्तृत्वाविषयीच्या शब्दांना नेमके अर्थ असतात. 'अमुकाची कृती', 'अमुकाची मानली जाणारी', 'अमुकाच्या शैलीतील' या तीन पायऱ्या एकमेकींपासून काटेकोरपणे वेगळ्या ठेवतात, कारण त्यांतून आर्थिक आणि कायद्याच्या जबाबदाऱ्या निर्माण होतात. पण वस्तू हातोहात फिरू लागली की पायऱ्या गळतात. 'शैलीतील' हा शब्द पुढच्या विक्रीत 'मानली जाणारी' होतो आणि त्याच्या पुढच्या विक्रीत तोही जातो. नाव तेवढे उरते. कॅलिफोर्नियाची डॉरथी थॉर्प ही मुख्यतः काचसामानावरील सजावटीसाठी प्रसिद्ध. पीळ दिलेल्या ॲक्रिलिकच्या कांड्यांची मेणबत्तीदाने आणि मुठी असलेली तबके आज तिच्या नावावर विपुल विकली जातात. त्यांवर बहुधा सही नसते, शिक्का नसतो. त्यांतली काही तिची असतीलही. परंतु 'असतील' या क्रियारूपाचा बाजाराला तिटकारा आहे.

याची किंमत कोण मोजतो? गिऱ्हाईक चार पैसे अधिक देतो, ते सोडून देता येईल. खरी हानी ज्यांची नावे कधीच लिहिली गेली नाहीत त्यांची होते. ओतणारे, कापणारे, तापवून पीळ देणारे, पॉलिश करणारे कारागीर आणि लहान कारखाने यांच्या हातून या वस्तू झाल्या. घरगुती मालावर निर्मात्याचे नाव असलेच तर ते बहुधा चिकटवलेल्या लहानशा चिठ्ठीवर असे. पहिल्याच धुण्यात ती चिठ्ठी गेली असणार. मोठ्या नावाची सावली अशा अनाम वस्तूवर एकदा पडली की तिचा खरा कर्ता शोधण्याची गरजच कोणाला वाटेनाशी होते. नाव नसलेली वस्तू हा संशोधनाचा विषय असतो. चुकीचे नाव लागलेली वस्तू तो विषय उरत नाही.

ब्राझीलच्या आब्राआम पालातनिकच्या बाबतीत हा गोंधळ उलट्या आणि सुलट्या अशा दोन्ही अंगांनी पाहावयास मिळतो. पालातनिक (१९२८–२०२०) हा गतिमान कलेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. १९५१ साली साओ पाउलोच्या पहिल्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्याचे रंगीत प्रकाशाचे यंत्र मांडले गेले, तेव्हा ते चित्र म्हणावे की शिल्प, असा प्रश्न पडला होता. याच कलावंताने भावाबरोबर कारखाना चालवून प्राण्यापक्ष्यांच्या लहान लहान रंगीत आकृती विपुल प्रमाणात घडविल्या. त्या पॉलिएस्टर रेझिनच्या आहेत. हा ॲक्रिलिकहून वेगळा पदार्थ; तो काळाबरोबर पिवळसर होत जातो. तरीही बाजार त्यांना 'ल्यूसाइट' म्हणतो, कारण पारदर्शक आणि जुने जे काही असेल ते ल्यूसाइट, असा आता अर्थ झाला आहे. ही एक चूक. दुसरी अशी की रेझिनचा कोणताही रंगीत प्राणी दिसला की तो 'पालातनिक' ठरतो. पदार्थाचे नाव चुकले आणि कर्त्याचे नाव सांडून दुसऱ्यांच्या ताटात गेले. यात एक गंमत अशी की हा पिवळेपणा म्हणजे या आकृतींनी दिलेली वयाची जबानीच आहे. या सबंध वर्गात बोलू शकणारा पदार्थ कोणता असेल तर हाच, आणि नेमके त्यालाच मुक्या पदार्थाचे नाव देण्यात आले.

पदार्थाची ओळख पटविण्याचे काही साधे उपाय आहेत. काचेची घनता २.५ च्या आसपास, ॲक्रिलिकची १.१८ ते १.१९, पॉलिस्टायरिनची १.०५, तेव्हा हातावर तोलूनच काच वेगळी काढता येते, शिवाय ती स्पर्शाला थंड लागते. तिन्ही पदार्थ गोड्या पाण्यात बुडतात. पण मिठाच्या संपृक्त द्रावणात, ज्याची घनता १.२ च्या घरात असते, पॉलिस्टायरिन चटकन वर येते आणि ॲक्रिलिक जेमतेम तरंगते. पॉलिएस्टर रेझिनची घनता याच पट्ट्यात येऊ शकत असल्यामुळे ही कसोटी तेथे निरुपयोगी ठरते. तापवलेली सुई टोचून वास घेण्याची प्रथा संग्राहकांत आहे. ती वस्तूला इजा करते आणि वासाचे वर्णन प्रत्येकाचे निराळे असते. निश्चित उत्तर अवरक्त किरणांच्या वर्णपटाने मिळते, आणि तशी साधने रसायनशास्त्राच्या अनेक विभागांत असतात. मात्र यांतली कोणतीही कसोटी पदार्थ सांगते. साल सांगत नाही.

ॲक्रिलिकवर काळाच्या खुणा अगदीच पडत नाहीत, असे नाही. पृष्ठावर बारीक ओरखडे साठतात. स्पिरिट किंवा अमोनियायुक्त द्रवाने पुसल्यास केसाएवढ्या तड्यांचे जाळे आतून चमकू लागते. दिव्याच्या उष्णतेने कड किंचित वाकते. बहुतेक संग्राहक या खुणांना दोष समजतात आणि वस्तू घासून, पॉलिश करून पुन्हा निर्मळ करतात. ब्राँझच्या जुन्या मूर्तीचे पुट खरवडणाऱ्याला जाणकार मंडळी अडाणी म्हणतील; ॲक्रिलिकच्या बाबतीत तेच कृत्य कौशल्य म्हणून गौरविले जाते. पॉलिशने केवळ ओरखडे जात नाहीत. कोरलेली सही उथळ असते, तीही घासली जाते. करवतीच्या पात्याची कडेवर राहिलेली वळणे, चिठ्ठीच्या डिंकाचा चौकोनी डाग, पूर्वीच्या डागडुजीचा सांधा, हे सर्व जाते. वस्तूच्या तोंडून निघू शकले असते ते चार शब्दही पुसले जातात, आणि मग त्या स्वच्छ पाटीवर विक्रेता आपली चार विशेषणे लिहितो.

काही संग्राहक अलीकडे वस्तू हाती आल्याबरोबर, पुसण्यापूर्वी, तिरप्या प्रकाशात तिचे फोटो घेतात. तळाचा फोटो वेगळा, कडांचे वेगळे. वजन आणि मापे लिहितात, कोणाकडून व केव्हा मिळाली हे लिहितात, आणि कर्त्याच्या रकान्यात पुरावा नसेल तर रेघ मारतात. ही टिपणे वाचायला रूक्ष असतात. पण त्यांत 'ल्यूसाइट' हा शब्द आला तर तो चिठ्ठीवर छापलेला होता म्हणून येतो, आणि चिठ्ठीचाही फोटो सोबत असतो.